गजकर्ण, हुमणी आणि आजींची हिरवळ

इचिकावात राहतो असं सांगितलं की इथली आपली मंडळी लगेच विचारतात, "ग्योतोकु की म्योदेन?" प्रश्न बरोबरच आहे म्हणा. निशी-कासाईहून तोझाई लाईनने नदी ओलांडून पुढे आलं की आपल्या लोकांची वस्ती त्याच दोन-तीन स्टेशनांभोवती. आम्हीही सहा वर्षं ग्योतोकुलाच होतो, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आमची शेती म्हणजे बाल्कनीतली एक तुळस आणि दोन मिरच्या. पण मुलं मोठी झाली, घर पुरेना, आणि 2021च्या उन्हाळ्यात आम्ही इचिकावाच्या उत्तर टोकाला, नाशपातीच्या बागांच्या बाजूला, एक जुनं बैठं घर भाड्याने घेतलं. घरापुढे चाळीसेक चौरस मीटर हिरवळ.

ही हिरवळ हीच घराची अट होती. घरमालकीण आजी शेजारच्याच घरात एकट्या राहतात. त्यांच्या यजमानांनी ही हिरवळ स्वतःच्या हातांनी लावली, आणि ते गेल्यावर गुडघे दुखत असूनही आजींनी ती टिकवली. करारावर शिक्का मारण्यापूर्वी त्या एवढंच म्हणाल्या, "भाडं चार दिवस उशिरा आलं तरी चालेल, शिबाफुला मात्र जपा." शिबाफु म्हणजे हिरवळ. मी लगेच मान हलवली. आमचे वडील वाळवा तालुक्यातले ऊसवाले शेतकरी. मला काय गवत जपायला जड जाणार आहे!

नोव्हेंबर संपताना सगळी हिरवळ पिवळी आणि डिसेंबरात वाळक्या चटईसारखी झाली, तेव्हा माझं शेतकऱ्याचं रक्त गोठलं. मी रोज ऑफिसातून आल्यावर अंधारात झारीने पाणी घालू लागलो. चौथ्या दिवशी आजींनी कुंपणावरून पाहिलं आणि हसून हात हलवला. गवत मेलं नव्हतं, झोपलं होतं. आमच्याकडचं गवत म्हणजे कोराईशिबा, झोयसिया जातीचं. ते उन्हाळी गवत. तोक्योच्या आसपास नोव्हेंबरापासून साधारण एप्रिलपर्यंत ते तपकिरीच असतं. त्या काळात खत-पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाला जेवायला वाढणं. शंका आली तर एक धावतं खोड उचलून नखाने खरवडून बघावं. आत पांढरट आणि टणक असलं की निर्धास्त राहावं. (अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या थंड भागात राहणाऱ्या वाचकांचं गणित उलटं. त्यांच्याकडचं ब्लूग्रास थंडीप्रेमी, ते ऐन उन्हाळ्यात पाण्याअभावी तपकिरी होऊन झोपतं. म्हणजे आधी आपलं गवत कोणत्या ऋतूचं आहे ते विचारा, मग घाबरा.)

खरं संकट पुढच्या वसंतात आलं. 2022च्या एप्रिलअखेर सगळी हिरवळ कोवळी हिरवी झाली, पण मधोमध दोन आणि नळाजवळ एक असे तीन गोल तपकिरीच राहिले. सर्वांत मोठा गोल सायकलच्या चाकापेक्षा मोठा, आणि त्याची कड तांबूस. ही बघून म्हणाली, "अगदी गजकर्णासारखं दिसतंय." मी हसलो. आता कबूल करतो की त्या महिन्यात आमच्या घरात शहाणं बोललेलं ते एकच वाक्य होतं.

मी काय केलं? उपाशी असेल म्हणून युरिया टाकला आणि तहानलेलं असेल म्हणून रोज रात्री पाणी दिलं. जूनमध्ये त्सुयु सुरू झाला, म्हणजे इथला पावसाळा, आणि बघता बघता तीन गोल एकमेकांना भिडले. आजी काही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी खिडकीचा पडदा सरकवताना क्षणभर थांबत. ते थांबणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागत असे.

शेवटी एका रविवारी होम सेंटरमध्ये, बागकामाच्या विभागातल्या एका वयस्क गृहस्थांना फोटो दाखवले. त्यांनी फोटो बाजूला ठेवून विचारलं, "कडेचं गवत ओढून पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. घरी येऊन ओढलं, तर पातं अलगद हातात आलं. बुंध्याशी, जिथे पान खोडाला वेढून असतं, तिथे तपकिरी होऊन कुजलेलं. मुळं मात्र शाबूत. हीच खूण. या रोगाला जपानी लोक 'लार्ज पॅच' असंच म्हणतात. रायझोक्टोनिया नावाची बुरशी. गजकर्णही बुरशीच, तेही कडेने पसरतं आणि मधून बरं होत जातं. हिचं निदान इतकं अचूक होतं!

ही बुरशी ऐन उन्हाळ्यात नाही तर वसंतात आणि शरदात, थंड-दमट हवेत माजते. तिला तीन गोष्टी प्रिय: रात्रभर ओली राहणारी पानं, नत्राने लुसलुशीत झालेलं गवत, आणि कापलेल्या गवताचा बुंध्याशी साठलेला कुजका थर. या तिन्ही गोष्टी मी तिला पाटावर बसवून वाढल्या होत्या.

मग काय बदललं ते सांगतो. पाणी द्यायचंच तर सकाळी, म्हणजे दिवसभरात पानं सुकतात. दाताळ्याने खरवडून बुंध्याशी साठलेला थर काढला. चाळीस चौरस मीटरमधून कचऱ्याच्या पाच मोठ्या पिशव्या निघाल्या. पान ओलं असताना मशीन चालवणं बंद केलं, कारण बुरशी चाकांबरोबर फिरते. मार्चमध्ये काटेरी फावड्याने वीत-वीत अंतरावर दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडली आणि वरून वाळूमिश्रित माती पसरली. तिला इथे मेत्सुची म्हणतात. ती पानांची टोकं वर दिसत राहतील इतकीच टाकायची. आमच्या भागातली काळी माती निचऱ्याची म्हणून नाशपातीला मानवते, पण तुडवली गेली की तीही दगड होते. खाली ग्योतोकुकडे तर एके काळी मिठागरं होती, एदोला मीठ तिथून जायचं. तिथल्या सखल जमिनीवर तळमजल्याची बाग असलेल्यांनी निचऱ्याकडे आधी पाहावं. बुरशीनाशक म्हणून मी टॉल्क्लोफॉस-मिथाइल वापरलं, तेही शरदात, लक्षणं दिसू लागतानाच. बुरशी त्या वेळी शिरकाव करते आणि वसंतात आपल्याला नुसता निकाल दिसतो. आणि ऑगस्टनंतर नत्र पूर्ण बंद.

कडक ऊन पडल्यावर गवत स्वतःच पुष्कळ सावरलं. 2023च्या मेमध्ये फक्त ताटाएवढा एक डाग होता. आजींनी त्या दिवशी दायफुकु आणून दिले. मी निदानतज्ज्ञ झालो, असं मला वाटायला लागलं.

म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात कुंपणाच्या कडेला गवत पुन्हा तपकिरी झालं तेव्हा मी न बघताच जाहीर केलं, "बुरशी." पाणी तोडलं. आठवड्यात डाग दुप्पट. त्यातून मुकुदोरी पक्ष्यांचे थवे उतरून चोची मारू लागले. आपल्या साळुंकीचेच भाऊबंद ते.

नेमके तेव्हा अण्णा गावाहून आले होते, तीन महिन्यांसाठी. ऐंशीच्या घरातले, गुडघे ठणठणीत, जपानीचा गंध नाही. घरात बसून कंटाळलेले. मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी पक्षी पाहिले, अंगणात उतरले, गवताची कड दोन हातांनी धरली आणि उचलली. वाकळ उचलावी तसं गवत मातीपासून सुटून आलं. खाली मुळंच नव्हती! खुरपं नव्हतं म्हणून स्वयंपाकघरातला उलथना घेऊन त्यांनी माती उकरली.

मी संध्याकाळी आलो तेव्हा अण्णा आणि आजी समोरासमोर उकिडवे बसलेले. आजी गुडघ्यांखाली उशी घेऊन आल्या होत्या. मध्ये बिस्किटांचा रिकामा डबा, आणि आजींच्या हातात जुन्या चॉपस्टिक्स. डब्यात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या त्रेसष्ट अळ्या. अण्णांनी मोजल्या होत्या.

"अरे, ही तर आपली हुमणी!" अण्णा म्हणाले. "कोगानेमुशी," आजी म्हणाल्या. दोघंही माझ्याकडे पंचाकडे बघावं तसं बघत होते. दोघंही बरोबर होते. वाळव्याच्या उसातली हुमणी वेगळ्या जातीची, पण कुळ एकच: भुंगेऱ्यांचं. आणि न्यू जर्सीतल्या वाचकांनो, तुमच्या गुलाबांची चाळण करणारा तो जॅपनीज बीटल, जो 1916 साली रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत पहिल्यांदा सापडला, तो याच घरचा पाहुणा बरं का. मामेकोगाने त्याचं माहेरचं नाव.

भुंगेरे उन्हाळ्यात मातीत अंडी घालतात, अळ्या ऑगस्टपासून मुळं कुरतडतात, थंडीत खोल जातात आणि वसंतात पुन्हा वर येऊन थोडं खातात. मुळं गेली की गवत पाणी ओढू शकत नाही, म्हणून उन्हाने करपल्यासारखं दिसतं. मी त्याचं उरलंसुरलं पाणीही तोडलं होतं. बुरशीला जे पथ्य, ते इथे उपासमार. आणि इथे जे औषध, ते बुरशीला मेजवानी. वरून मात्र दोन्ही तपकिरी!

चौरस फुटात पाच-सहा अळ्या असल्या तर निरोगी गवत सोसतं, दहाच्या वर गेल्या तर हात-पाय हलवावेत, असा अमेरिकेतल्या कृषिखात्यांचा अंदाज वाचला होता. आमच्याकडे कडेला चौदा होत्या. दाणेदार कीटकनाशक मिळतं, ते टाकून भरपूर पाणी देऊन मुळांशी उतरवायचं, तेही अळ्या लहान असताना, म्हणजे ऑगस्टच्या सुमाराला. पण मुलं अनवाणी खेळतात म्हणून अण्णांनी विष नको म्हटलं. गावाकडे आता मेटारायझियम बुरशी वापरतात, ती हुमणीलाच रोगी करते, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी आजींना. म्हणजे एका बुरशीने माझी हिरवळ खाल्ली आणि दुसरी हुमणी खाते. आजींना हे फार आवडलं. मग अण्णांनी वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे कसे गोळा होतात आणि फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात कसे पाडतात ते साभिनय दाखवलं. रॉकेलला जपानीत काय म्हणतात ते मला आठवेना. आजींना न सांगताच कळलं होतं.

चार संध्याकाळी वेचणी चालली. नंतर गवताच्या वाकळी परत अंथरल्या, खाली-वर मेत्सुची टाकली, पायांनी दाबली आणि रोज सकाळी हलकं पाणी. निम्मं जगलं. उरलेल्या जागी मार्चअखेर होम सेंटरमधून गवताच्या तुकड्यांच्या जुड्या आणून लावल्या.

इतर डागांचं थोडक्यात सांगतो. गणपतीत पाहुणे येणार म्हणून मी एकदा फार बारीक कापलं, दुसऱ्या दिवशी सगळं तपकिरी. तो रोग नव्हता, नुसती खोडं उघडी पडली होती. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू नये. छोटा गोल, भोवती गडद हिरवं कडं, असं असेल तर शेजारच्या कुत्र्याचा पत्ता काढा. सरळ पट्टा असेल तर माणसाचा हात, किंवा पाय. आमच्याकडे तो पट्टा बरोबर खेळपट्टीएवढा आहे. दोन्ही मुलं कसोटी सामने खेळतात.

आणि हिच्या पांढऱ्या चादरीवर दोरीवरच तपकिरी मखमली ठिपका दिसला होता, तो डाग नव्हता. स्पोडोप्टेरा जातीच्या पतंगाची अंडी होती. तो भिंतीवर, वळचणीला, वाळत घातलेल्या कपड्यांवरही अंडी घालतो, आणि अळ्या रात्री गवताची पानं खातात. शंका असेल तर बादलीत चारेक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण घालून चौरस मीटरभर जागेवर ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. हुमणी मात्र याने येत नाही, तिच्यासाठी उकरायलाच हवं.

एक गोष्ट राहिली. आजी ज्याला तण म्हणून उपटून फेकत होत्या, त्या ग्योगीशिबाच्या मुळ्या अण्णांनी कचऱ्यातून परत काढल्या. ती आपली हरळी, दूर्वा. आता ती एका कुंडीत आहे, दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाशी. ती हिरवळीत पसरू नये म्हणून आजी लक्ष ठेवतात, आणि गणेश चतुर्थीला एकवीस जुड्या त्याच मोजून देतात.

गेल्या रविवारी नळाजवळ पुन्हा बशीएवढा गोल दिसला. मी अजून काही टाकलेलं नाही. कडेचं पातं ओढलं, ते आलं नाही. आज संध्याकाळी उकरून बघणार आहे. अण्णांना फोन केला, तर पलीकडून आधी प्रश्न, "आजींच्या चॉपस्टिक्स आहेत ना जागेवर?"