टेलिफोन आणि डेटा : दोन जाळ्यांचा सांधा

जुन्या पद्धतीत भंडाऱ्याहून तुमसरला फोन लागला की बोलणे संपेपर्यंत एक मार्ग राखून ठेवला जाई. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेई, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. म्हणजे सेकंदाला 64,000 बिटांची वाट. दोघे गप्प असले, तरी ती अडलेलीच.

डेटाच्या जाळ्यात आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे होतात. पत्ता लिहिलेली ही पॅकेट्स इतरांच्या पॅकेट्ससोबत एकाच फायबरमधून जातात. दोन्ही जाळी मीडिया गेटवे जोडतो. कॉल जोडण्या-तोडण्याचे काम सॉफ्टस्विच करतो.

तांब्याच्या तारेवरील फोनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्टची वीज मिळे. फायबरच्या मोडेमला मात्र घरची वीज लागते. म्हणून जिथे वीज वारंवार जाते, तिथे मोडेमला बॅटरी जोडावी.