जिगच्या साहाय्याने सुरीला धार लावणे

जिगच्या साहाय्याने धार लावणे ही सुरीचे पाते चिमट्यात पक्के पकडून, ठरावीक उंचीवरील आधारबिंदूतून सरकणाऱ्या दांड्यावर बसवलेल्या दगडाने ते घासण्याची पद्धत आहे. यात कोन राखण्याचे काम हाताऐवजी उपकरण करते. धारेच्या दोन्ही अंगांच्या उतारांना 'बेव्हल' म्हणतात. ते संपूर्ण लांबीभर व दोन्ही बाजूंना सारखे यावेत हा या पद्धतीचा मुख्य हेतू असतो. तथापि केवळ जिग वापरल्याने तो साध्य होतोच असे नाही.

कोन आणि रुंदी

कोन प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्र मोजतात. स्वयंपाकघरातील सुऱ्यांसाठी तो साधारणतः १५ ते २० अंश, तर जाड कामाच्या सुऱ्यांसाठी २० ते २५ अंश ठेवतात. बेव्हलची रुंदी कोन आणि पात्याची जाडी या दोहोंवर अवलंबून असते. धारेलगत ०.५ मिमी जाड असलेल्या पात्यावर २० अंशांचा बेव्हल सुमारे ०.७ मिमी, तर १५ अंशांचा सुमारे १ मिमी रुंद होतो. त्यामुळे पात्याची जाडी बदलल्यास कोन तोच असूनही रुंदी बदलते.

असमानतेची कारणे

* पात्याचा वक्र भाग : धारेच्या सरळ भागात कोन बदलत नाही. वक्र भागात मात्र धारेच्या स्पर्शरेषेचे आधारबिंदूपासूनचे लंबांतर बदलते. आधारबिंदू ५० मिमी उंचीवर असताना हे अंतर १५० मिमी असल्यास कोन सुमारे १८.४ अंश, तर १८० मिमी असल्यास सुमारे १५.५ अंश येतो.
* तिरकी पकड : धारेकडे निमुळते होत जाणारे पाते चिमट्यात २ अंशांनी कलल्यास, २० अंशांच्या जागी एका बाजूस १८ व दुसऱ्या बाजूस २२ अंश येतात.
* दगडाची जाडी : दांड्याखाली बसवलेला दगड जाड असल्यास कोन कमी होतो. वरील मापांत ५ मिमी जाडीने सुमारे पावणेदोन अंशांचा फरक पडतो.

पडताळणी आणि दुरुस्ती

घासण्यापूर्वी बेव्हलवर मार्करची शाई लावून दगड एक-दोनदा हलका फिरवतात. टोकाशी शाई फक्त बेव्हलच्या वरच्या कडेची निघाल्यास तेथील कोन कमी पडतो. अशा वेळी चिमटा टोकाकडे सरकवतात. फक्त धारेलगतची शाई निघाल्यास तो मुठीकडे सरकवतात. दोन्ही बाजूंचा कोन डिजिटल कोनमापकाने तपासता येतो.

भरड दगडाने एक बाजू घासताना पलीकडच्या बाजूस धातूची बारीक उलटलेली कड येते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवल्यावरच दुसरी बाजू घेतात. त्यानंतर बारीक दगडांनी आळीपाळीने, कमी दाबाने घासून ती कड काढून टाकतात. चिमट्याची जागा खूण करून ठेवल्यास पुढच्या वेळी तोच कोन मिळतो व धातू कमी झिजतो.

मर्यादा

रुंदीतील किंचित फरकाने कापण्याच्या क्षमतेवर फारसा परिणाम होत नाही. केवळ दिसण्यातील समानतेसाठी वारंवार घासल्यास पाते अरुंद होते आणि धारेलगतचा भाग जाड होत जातो. गेलेला धातू परत मिळत नाही. यानागिबा, देबा यांसारख्या पारंपरिक जपानी सुऱ्या मुळातच एका बाजूने उतार दिलेल्या असतात. त्यांना दोन्ही बाजूंनी समान बेव्हल देणे योग्य नसते.