डीजेची तबकडी आणि संगणकाची घागर

डीजेने संगणकातली आज्ञावली वापरावी की स्वतंत्र यंत्र घ्यावे? हा प्रश्न निघाला की बोलणे किमतीवर जाते. आम्हाला त्यात कळीचे वाटते ते वेळेचे गणित.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. संगणक ते एकेक करून पुढे पाठवत नाही. घागर भरली की ओततो. घागर ४४१ नमुन्यांची असेल तर निदान १० मिलिसेकंद उशीर होणारच. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ३.४ मीटर जातो, म्हणजे कर्णा तेवढा लांब ठेवल्यासारखेच. घागर लहान केली तर उशीर घटतो. पण संगणक दुसऱ्या कामात गुंतला, की ती वेळेवर भरत नाही आणि गाण्यात 'टक्' असा खंड पडतो. स्वतंत्र यंत्राला दुसरे काम नसते, हा त्याचा खरा फायदा. एरवी आजच्या अशा यंत्रातही संगणकच असतो!

हाताला तबकडीच हवी असेल तर? २००० सालानंतर रुळलेली एक युक्ती आम्हाला फार आवडते. तबकडीवर गाणे नसतेच. डाव्या व उजव्या वाहिनीत एकच स्वर असतो, पाव आवर्तनाच्या अंतराने. अकरावीच्या भाषेत साइन आणि कोसाइन. वारंवारतेवरून वेग कळतो, कोणती वाहिनी पुढे आहे यावरून दिशा. त्याप्रमाणे संगणक आपल्याजवळचे गाणे पुढेमागे फिरवतो. घागर मात्र इथेही सुटत नाही.

शिकणाऱ्याने आज्ञावलीपासूनच सुरुवात करावी. जाहीर कार्यक्रमाला मात्र आम्ही स्वतंत्र यंत्र नेऊ.