अ‍ॅम्प्लिफायर ऐकावा की खोली?

जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज गोड, की नंतरच्या ट्रान्झिस्टरवाल्याचा स्वच्छ? रसिक मंडळी यावर हिरिरीने भांडतात. खरे तर घरच्या घरी परीक्षा होते. तबकडी एक, स्पीकर तेच; बटण दुसऱ्याने फिरवावे, ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे. आधी मात्र स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करावा. किंचित मोठा आवाज कानाला सरसच वाटतो. निम्मे वाद (माझ्या मते त्याहून अधिक) इथेच मिटतात.

उरते ती खोली. किल्लारीकडच्या जुन्या घरांत दगडमातीच्या रुंद, खडबडीत भिंती आणि माळवदाखाली लाकडी तक्तपोशी असे. अशी घडण आवाज विखुरते, थोडा पितेही. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता, गणेशविसर्जन आटोपून झोपलेल्यांवर तीच माळवदे कोसळली. हजारो माणसे गेली. आवाजासाठी त्या भिंतींची हळहळ कुणी करू नये. सिमेंटच्या नव्या घरांत गुळगुळीत भिंती सूर परत फेकतात, आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायरही कर्कश वाटतो. तो विकायला काढण्याआधी भिंतीला एक जाड वाकळ टांगून पाहावी.