रंगाच्या थेंबाचा माग

1940 साली लंडनवर जर्मन विमाने पॅराशूटला टांगलेले सुरुंग सोडत होती. ते निकामी करायला रसायनशास्त्राचा एक तेविशीतला पदवीधर जात असे, पीटर डँकवर्ट्‌स. एकदा जवळजवळ सलग 48 तास झुंजून त्याने 16 सुरुंग शांत केले. त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. युद्ध संपले आणि हा धाडसी माणूस रासायनिक अभियांत्रिकीकडे वळला.

इथेही समोर बंद भांडेच होते. रासायनिक क्रिया घडवणाऱ्या या भांड्यात, म्हणजे रिॲक्टरमध्ये, द्रव किती मिसळतो, हे कोणाला दिसत नव्हते. गोंदियातल्या नवेगावबांधाच्या तलावात शिरलेले सगळे पाणी एकाच वेळी बाहेर पडत नाही. काही सरळ निघून जाते, काही कोपऱ्यात रेंगाळते. रिॲक्टरचेही तेच, आणि रेंगाळलेला किंवा निसटलेला थेंब माल बिघडवू शकतो. 1953 मध्ये डँकवर्ट्‌सने वाट दाखवली: आत डोकावू नका, प्रवेशद्वारी रंग सोडा आणि तो बाहेर कधी, किती येतो ते मोजा. त्या आलेखातून भांड्याचे अंतरंग उलगडू लागले.

त्याच डँकवर्ट्‌सच्या हाताखाली, केंब्रिजमध्ये, जोधपूरचे मनमोहन शर्मा घडले. मुंबईत माटुंग्याला असलेल्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतून ते तिथे गेले होते. 1964 मध्ये परतून वयाच्या 27व्या वर्षी ते त्याच संस्थेत प्राध्यापक झाले. परदेशात सहज थांबता आले असते. ते माटुंग्याला आले, ही मला या कथेतली मोठी घटना वाटते.

त्यांचे शिष्य ज्येष्ठराज जोशी बुडबुड्यांच्या उंच स्तंभाशी, म्हणजे अशाच एका रिॲक्टरशी, भिडले. खालून वायू सोडला की मध्यभागी द्रव उसळतो आणि भिंतीलगत खाली कोसळतो. तळापासून माथ्यापर्यंत असे एकच लांबलचक चक्र फिरत असेल, असे मानून पाहिले, तर हिशेब मोजमापाशी जुळेना. मिसळणीचे गूढ कायम राहिले.

मग गुरुशिष्यांनी प्रश्नच उलटा केला: चक्र किती उंच असेल, हे आधी गृहीत का धरायचे? ते प्रवाहालाच ठरवू द्यावे! चक्राची उंची किती असताना द्रवाची भोवऱ्यासारखी गरगर सर्वांत कमी होते, ते त्यांनी गणिताने शोधले आणि उत्तर लख्ख उभे राहिले. चक्राची उंची स्तंभाच्या व्यासाइतकी! उंच स्तंभात एकावर एक अशी अनेक चक्रे रचलेली होती, आणि त्यांच्या वेगावरून मिसळण किती होईल, हे आता आधीच सांगता येऊ लागले.

1979 मध्ये हे प्रतिमान प्रसिद्ध झाले. पुढे जोशींच्या प्रयोगशाळेत लेसरचे किरण त्याच उसळत्या द्रवात शिरले आणि क्षणाक्षणाचा वेग टिपू लागले.