सोडलेल्या जागेचे मोल

कोकणातल्या माणसाला जागा सोडायला शिकवावे लागत नाही. लाल एस. टी.त एखादी म्हातारी चढली, की पुढच्या बाकावरचा पोरगा आपणहून उठतो. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या डब्यात तिघांच्या बाकावर पाचजण बसतात आणि सहाव्यालाही "या, सरकून घेऊ" म्हणतात. या जागेचा मोबदला कुणी मागत नाही. फार तर म्हातारी विचारते, "कुणाचा रे तू? कुठल्या वाडीतला?" आणि पोराला तेवढे पुरते.

विमानात मात्र सोडलेल्या जागेचा चक्क बाजार भरतो. कंपनीचा माणूसच गोड आवाजात विचारतो, "आपली जागा सोडाल का? पुढच्या विमानाने पाठवू, शिवाय इतक्या रुपयांचे व्हाउचर देऊ." हे व्हाउचर म्हणजे नेमके काय, ते घ्यावे की पैसे मागावेत, आणि घेतलेच तर ते वाया न घालवता कसे वापरावे, हे घरोघरी ठाऊक असायला हवे. कारण आता विमान ही काही फक्त धनिकांची चैन राहिलेली नाही. लेक बेंगळुरूला, मुलगा जर्मनीत आणि आईवडील रत्नागिरीला मारुती मंदिराजवळच्या ब्लॉकात, अशी घरे आज गल्लोगल्ली आहेत.

रत्नागिरीकराला तर हा हिशेब इतरांपेक्षा अधिक काळजीने करावा लागतो. मिरजोळ्याला धावपट्टी आहे, तटरक्षक दलाची विमानेही तिथे उतरतात. पण प्रवाशाने वर्षानुवर्षे विमान पकडले ते मुंबईला, कोल्हापूरला नाही तर गोव्याला जाऊन. मुंबई रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे मुंबईकराची जागा गेली तर तो रिक्षा करून घरी जाईल. रत्नागिरीकराची गेली तर रात्र कुठे काढायची, इथून प्रश्न सुरू होतो.

एका खुर्चीची दोन तिकिटे

पण मुळात तिकीट पक्के असताना जागा जाते कशी? रेल्वे निदान आधी सांगते, 'तुम्ही वेटिंगवर आहात' किंवा 'आर. ए. सी. आहे, एका बाकावर दोघे बसा.' विमान कंपनी पुष्कळदा खुर्च्यांपेक्षा चार तिकिटे जास्त विकते आणि प्रत्येकाला पक्के तिकीट देते. तिचेही एक कारण आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी ज्या सुरमईसाठी घासाघीस चालते, तिला संध्याकाळी कोण विचारतो? विमानातल्या खुर्चीचे तसेच. विमान उडाले, की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. दर फेरीला काही प्रवासी येतच नाहीत, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे कंपनी तेवढी तिकिटे वर विकते. बहुतेक वेळा गणित जमते. ज्या दिवशी सगळेच येतात, त्या दिवशी चौघांना खाली राहावे लागते.

हे चौघे निवडायचे कसे, यावर अमेरिकेत मोठी गंमत झाली. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली सुचवले, की प्रवाशांना लिफाफे वाटा. किती रकमेवर जागा सोडाल, ते ज्याने त्याने लिहावे. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला पैसे देऊन थांबवावे. कंपन्यांनी ही सूचना हसण्यावारी नेली. पुढे एप्रिल १९७२ मध्ये ग्राहकांचे कैवारी राल्फ नेडर यांनाच पक्के तिकीट असताना वॉशिंग्टनच्या विमानतळावर जागा नाकारली गेली. ते कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९७६ साली त्यांचा दावा चालवण्याचा हक्क मान्य झाला. १९७८ मध्ये तिथल्या विमान मंडळाने नियमच केला: आधी राजीखुशीने उतरणारे शोधा, ते मिळाले नाहीत तरच कुणाला अडवा. व्हाउचरचा जन्म इथलाच.

हा नियम मोडला नाही तरी ताणला किती जातो, ते ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोत जगाने पाहिले. कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी खुर्च्या हव्या होत्या. आठशे डॉलरपर्यंत व्हाउचर देऊ केले, तरी पुरेसे लोक उठेनात. तेव्हा एका वयस्क डॉक्टरांना अक्षरशः ओढत बाहेर काढले. चित्रफीत घरोघरी पोचली आणि त्याच महिन्यात त्या कंपनीने जाहीर केले, की यापुढे जागा सोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत देऊ. बोध एवढाच, की पहिला आकडा हा शेवटचा आकडा नसतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपल्या गृहिणींनी विमानाच्या दारातच मुखदुर्बळ होण्याचे कारण नाही.

'स्वेच्छेने' या शब्दाची किंमत

आपल्याकडेही नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो २०१० साली केला आणि २०१६ साली सुधारला. तो सांगतो, की जागा कमी पडल्यास कंपनीने आधी स्वेच्छेने उतरणारे प्रवासी शोधावेत. ते न मिळाल्यास ज्याला इच्छेविरुद्ध अडवले जाते, त्याला भरपाई द्यावी. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाने पाठवले, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतल्या विमानाने पाठवले, तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, पण दहा हजार रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाला, तर चौपट, पण वीस हजारांपर्यंत. दुसरे विमान नकोच असेल, तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर चौपट, तीच वीस हजारांची मर्यादा.

समजा, मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून साडेतीन हजार रुपये झाले. संध्याकाळच्या विमानाने पाठवले तर हक्काचे सात हजार; परवाच्या विमानाने पाठवले तर चौदा हजार. हा आकडा मनात असल्याशिवाय व्हाउचरच्या आकड्याला मान डोलावू नये.

आणि इथेच खरी मेख आहे. ही भरपाई मिळते ती इच्छेविरुद्ध अडवलेल्याला. 'मी स्वेच्छेने जागा सोडत आहे' अशा कागदावर सही केली, की तुमचा हक्क त्या कागदावर लिहिले असेल तेवढाच. गर्दीत, घाईत, "काका, इथे फक्त सही करा" असे कुणी म्हणाले, तर काकांनी चष्मा काढावा आणि आधी वाचावे. स्वेच्छा नसेल तर तसे सांगावे आणि जागा नाकारल्याचे लेखी मागावे. हा हक्क नुसता कागदावरचा नाही. पक्के तिकीट असलेल्यांना जागा नाकारून भरपाई दिली नाही, म्हणून जून २०२२ मध्ये महासंचालनालयाने एअर इंडियाला दहा लाख रुपयांचा दंड केला होता.

भरपाई रोख किंवा बँकेमार्फत द्यायची असते. व्हाउचर द्यायचे तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. युरोपातही तसेच. तिथून निघणाऱ्या विमानात इच्छेविरुद्ध जागा नाकारली, तर अंतराप्रमाणे अडीचशे ते सहाशे युरो मिळतात, आणि व्हाउचर तिथेही संमतीशिवाय देता येत नाही. मुलाकडून परत येणाऱ्या आईवडिलांनी हे फ्रँकफुर्टला विसरू नये.

उलटी उधारी

पैसे आणि व्हाउचर यांत एवढा फरक का करावा? आपल्या वाण्याचे उदाहरण घ्या. एरवी आपण त्याचे देणे लागतो. एक दिवस तोच आपले पाच हजार देणे लागला आणि म्हणाला, "रोख नाही देत, पण वर्षभरात माझ्याच दुकानातून, एकदाच, दिवाळी सोडून कधीही माल न्या," तर? पाच हजारांची चिठ्ठी पाच हजारांची राहत नाही. व्हाउचर म्हणजे ही उलटी उधारी.

आणि दुकानच बंद झाले तर? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्या दिवशी ज्यांच्या हाती या कंपन्यांचे देणे होते, ते तारण नसलेले धनको ठरले. तारणवाल्या बँका त्यांच्या पुढे रांगेत उभ्या. याउलट, कोविडच्या टाळेबंदीत अडकलेल्या तिकिटांचे पैसे कंपन्यांनी 'जमा खात्या'त ठेवले, तेव्हा १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटी घातल्या: ही जमा ३१ मार्च २०२१ पर्यंत कोणत्याही मार्गावर वापरता यावी, दुसऱ्याच्या नावे करता यावी, दरमहा तिचे मोल थोडे वाढावे, आणि न वापरल्यास पैसे परत मिळावेत. पण ही न्यायालयाची कृपा होती. साध्या व्हाउचरच्या मागे असे कुणी उभे नसते.

घ्यायचे ठरले तर

म्हणून व्हाउचर कधी घेऊच नये, असे मुळीच नाही. ज्याला घाई नाही, मुक्कामाला मुंबईत भावाचे घर आहे आणि पुढल्या वर्षी त्याच मार्गाने जायचेच आहे, त्याने जरूर घ्यावे. भाव चांगला मिळाला, तर लेकीकडे जाण्याचा एक फेरा जवळजवळ फुकटात पडतो. मात्र सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. पुढच्या विमानात जागा पक्की आहे ना, की तिथेही वाट पाहायची? जेवण आणि राहण्याची सोय कोण करणार? सामान कुठे आहे? रक्तदाबाच्या गोळ्या विमानाच्या पोटातल्या बॅगेत असतील, तर आजोबांनी औदार्य दाखवू नये. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, व्हिसाची मुदत संपत असेल, दुसऱ्या दिवशी लग्न, परीक्षा किंवा डॉक्टरांची वेळ असेल, तर कोणताही आकडा कमीच.

मग व्हाउचरच्या अटी. मुदत कधीची, आणि त्या तारखेपर्यंत तिकीट काढायचे की प्रवास संपवायचा? या दोहोंत पुष्कळजण फसतात. दुसऱ्याच्या नावाचे तिकीट काढता येते का? एकाच वेळी वापरावे लागते, की उरलेली रक्कम शिल्लक राहते? कर आणि इतर आकार त्यातून जातात का? ते तिकीट रद्द केले तर व्हाउचर जिवंत राहते का? ऐन सुट्टीत चालते का? उत्तरे कंपनीगणिक वेगळी असतात, म्हणून ती लेखी घ्यावीत आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

रत्नागिरीकराने आणखी एक बेरीज करावी. ही कंपनी आपल्या जवळच्या विमानतळावरून उडते का? सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यात मोप्याचा जानेवारी २०२३ मध्ये. पण प्रत्येक कंपनी प्रत्येक ठिकाणाहून उडत नाही. समजा, व्हाउचर चार हजारांचे आहे आणि ते वापरण्यासाठी दोघांना मुंबईला जाण्यायेण्याचे तीन हजार पडणार आहेत. प्रवास एरवी करायचाच नसेल, तर व्हाउचरचे खरे मोल एक हजार. केवळ ते फुकट जाऊ नये म्हणून प्रवास काढणे म्हणजे नारळ मिळाला म्हणून देऊळ बांधण्यासारखे आहे.

व्हाउचर हे बरणीतले लोणचे नव्हे, ते अढीतले आंबे आहेत. हापूस पेंढ्यात घातला, की घरातली जाणती बाई रोज एकदा हात घालून पाहते. पिकला तो आधी काढते, उद्यावर ठेवत नाही. तसे घरात व्हाउचर आले, की त्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि तिच्या दोन महिने अलीकडे दुसरी खूण करावी. त्या खुणेपर्यंत बेत ठरला नाही, तर घरात, नात्यात, ज्याला चालेल त्याला ते देऊन टाकावे. आपण सोडलेल्या जागेवर निदान आपल्यापैकीच कुणीतरी बसले, एवढे समाधान तरी पदरात पडेल.