व्याख्यानांचं शब्दांकन : पंचवीस वर्षांचा मागोवा

तासाभराच्या व्याख्यानाचं शब्दांकन करायला सरावलेल्या माणसालाही सहज चार-पाच तास लागत. कॅसेट थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. १९९७ साली ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ आणि पाठोपाठ आयबीएमचं ‘व्हायाव्हॉइस’ आलं, तेव्हा ही मेहनत आता संपणार असं वाटलं होतं. आधीच्या सॉफ्टवेअरपुढे शब्दाशब्दाला थांबावं लागे. आता सलग बोललेलं उमटू लागलं, अर्थात इंग्रजीत.

पण हे सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या आवाजाला सरावायचं. त्याला आधी ठरावीक उतारे वाचून दाखवायचे, मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवायचा. वर्गातल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर, कुणाचा खोकला, भिंतींवर घुमणारा आवाज, आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतायत. ते ऐकवलं की हाती अर्थहीन शब्दांची रास यायची. त्यावर शब्दांकन करणाऱ्यांनीच तोडगा काढला. हेडफोनवर व्याख्यान ऐकायचं आणि तेच वाक्य लगोलग आपल्या आवाजात यंत्राला सांगायचं. ‘कॉमा’, ‘फुलस्टॉप’सुद्धा तोंडाने. तासभर असं बोलून घसा बसत असे, पण बोटांना विश्रांती मिळे.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीज विद्यापीठाने १९९९ मध्ये ‘लिबरेटेड लर्निंग’ प्रकल्प सुरू केला. त्यात प्राध्यापकांनी आपला आवाज सॉफ्टवेअरला शिकवला आणि ते बोलत असताना शब्द पडद्यावर उमटू लागले. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात बसून व्याख्यान वाचता येऊ लागलं. या सगळ्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

मराठीला बरीच वाट पाहावी लागली. गूगलचं बोलून टंकलेखन मराठीत आलं ते २०१७ मध्ये. २०२२ च्या सप्टेंबरात ‘व्हिस्पर’ हे शब्दांकनाचं सॉफ्टवेअर आलं, ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं. आवाजाची ओळख करून द्यायची अट गेली, विरामचिन्हं आपोआप पडू लागली. मात्र त्या साठ्यातला जवळपास दोन-तृतीयांश भाग इंग्रजीचा होता आणि मराठी व्याख्यान त्यात घातलं की हा फरक जाणवतो.

चुकांची जातही बदलली. पूर्वीची चूक वेडीवाकडी, म्हणून लगेच डोळ्यांत भरायची. आता चुकलेलं वाक्यही व्याकरणशुद्ध असतं. वक्ता ‘असं मला वाटत नाही’ म्हणताना शेवटचा शब्द गिळतो, कागदावर ‘असं मला वाटतं’ उमटतं, आणि वाचणाऱ्याला काही खटकत नाही. वक्ता क्षणभर थांबला, तर त्या शांततेतही यंत्र कधी कधी न बोललेलं वाक्य घालतं. म्हणून रेकॉर्डिंग लावून ओळ न् ओळ तपासणं आजही टळत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. न बोललेलं वाक्य वक्त्याच्या नावावर छापलं जाणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

व्याख्यान ऐकण्याची आपली सवय न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेइतकी जुनी आहे. कितीतरी गावांतल्या संस्थांच्या कपाटांत अशा व्याख्यानांच्या कॅसेटी पडून आहेत. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, त्यामुळे आधी तिची डिजिटल प्रत करून घ्यायला हवी. मजकूर पुढच्या वर्षीच्या सॉफ्टवेअरनेही काढता येईल. पण त्यातली माणसांची नावं, गावं, सभागृहात उठलेला एखादा प्रश्न कुणाचा होता, हे सांगू शकणारे श्रोते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कॅसेटी ऐकायला त्यांना आत्ताच बोलवायला हवं.